‘की’ एक, अर्थ दोन: हॅश टेबलविषयी लिहिताना कोणता शब्द योजावा?

भाषांतरकार: लिनक्स कर्नेलमधील (म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील) सिपहॅशची, म्हणजे माहितीवरून ठरावीक लांबीचा आकडा (हॅश) काढणाऱ्या एका फंक्शनची, माहिती मराठीत लिहिताना एका वाक्यापाशी अडलो आहे. हॅश टेबलात नोंदी अशा हॅशनुसार वेगवेगळ्या खणांत ठेवतात. ज्या पदावरून टेबलातील नोंद शोधतात त्यालाही इंग्रजीत ‘की’ (key) म्हणतात आणि हॅश काढताना मिसळल्या जाणाऱ्या १२८ बिटांच्या गुप्त आकड्यालाही ‘की’च म्हणतात. मी दोन्हीकडे ‘किल्ली’ लिहिले होते. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे ‘की’ केले, आणि आता वाचताना ते उभयान्वयी अव्ययच वाटते. हा भेद पुसला गेला तर मुद्दाच उरत नाही, कारण पहिले पद हल्लेखोराला हवे तसे निवडता येते आणि दुसरा आकडा त्याला ठाऊक नसतो.

कोशवाचक: गुप्त आकड्याला ‘किल्ली’ आणि नोंदीच्या ओळखीला ‘शोधपद’ म्हणावे. ‘चावी’ मात्र नको, तो पोर्तुगिजांकडून आलेला शब्द आहे.

कर्नेलवाला: परका म्हणून ‘चावी’ टाकायची, तर अरबी ‘कुफ्ल’वरून आलेले ‘कुलूप’ही टाकावे लागेल. माझा आक्षेप निराळा आहे. किल्लीने काहीतरी उघडते. येथे हॅशवरून मूळ मजकूर परत मिळवायचाच नसतो. त्यापेक्षा ‘बीज’ म्हणावे.

भाषांतरकार: ‘बीज’ जेहॅश या कर्नेलमधील दुसऱ्या हॅश फंक्शनसाठी राखून ठेवले आहे. त्यातही यादृच्छिक आकडा मिसळता येतो, पण ते फंक्शन वेगासाठी रचलेले आहे, हल्लेखोराला रोखण्यासाठी नव्हे. मर्मरहॅश या तशाच आणखी एका फंक्शनच्या बाबतीत तर बीज कोणतेही असले तरी एकमेकांवर आदळणारी, म्हणजे एकच हॅश देणारी, शोधपदे तयार करता येतात, हे ओमासाँ आणि बर्नस्टाइन या गूढलेखनतज्ज्ञांनी २०१२ साली दाखवले; सिपहॅशही त्यांनी त्याच वर्षी मांडले. बीज मिसळले म्हणजे संरक्षण मिळाले, असा वाचकाचा समज होऊ नये, म्हणून दोन शब्द वेगळे हवेतच.

कोशवाचक: मग जेहॅशला ‘असुरक्षित’ म्हणणार का?

कर्नेलवाला: सरसकट म्हणू नये. शोधपदे बाहेरून येत नसतील, तर जेहॅश पुरेसे आहे. २००३ साली क्रॉस्बी आणि वॉलॅक या संशोधकांनी दाखवलेला धोका असा होता, की मुद्दाम निवडलेल्या शोधपदांमुळे सगळ्या नोंदी एकाच खणात साचतात, एकेका शोधासाठी त्या खणातील नोंदींची संपूर्ण साखळी चाळावी लागते आणि थोड्याशा माहितीनेही यंत्र अडकून पडते. उलट सिपहॅशलाही नुसते ‘सुरक्षित’ म्हटले, तर लोक ते एसएचए-२५६ च्या (किल्लीविना चालणाऱ्या, २५६ बिटांचा हॅश देणाऱ्या गूढलेखनी फंक्शनच्या) जागी वापरतील. त्याचे उत्तर अवघे ६४ बिटांचे असते आणि किल्ली फुटली की त्याचा आधार संपतो.

कोशवाचक: आताच आपण ‘किल्ली’ म्हणालात.

कर्नेलवाला: गुप्ततेपुरता तो शब्द मला मान्य आहे, उघडण्याच्या अर्थाने नाही. ‘शोधपद’ मात्र पटत नाही; कर्नेलच्या टेबलांत आयपी पत्ते आणि पोर्टचे क्रमांक असतात, त्यांना ‘पद’ कसे म्हणावे?