पाळीतली दुखणी : डॉक्टरांना काय सांगितलं आणि मग काय झालं?

पाळी म्हटली की दुखणारच, असं म्हणून विषय मिटवायची सवय घरात आहे, शाळा-कॉलेजात आहे, ऑफिसात आहे. दवाखान्यातही आहे, हे जास्त वाईट. म्हणून हा धागा. नुसती गोळ्यांची नावं नकोत. मदत मागायला गेलात तेव्हा काय घडलं, काय बोलल्यावर समोरच्यांनी लक्ष देऊन ऐकलं, कशाने फरक पडला आणि कशाने अजिबात नाही, ते लिहा. नाव द्यायची गरज नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. माझं प्रकरण तसं साधं. पाळी सुरू झाली की तासाभरात कळा, उलट्या, जुलाब, दीड-दोन दिवसांनी सगळं शांत. डॉक्टरांकडे "पोट दुखतं" एवढंच सांगितलं जायचं आणि पोटदुखीची गोळी मिळायची. एकीने पहिल्यांदा विचारलं, "गोळी कधी घेता?" मी म्हटलं, सहन होईनासं झालं की. मग तिने कागदावर पिशवीचं चित्र काढून समजावलं. गर्भपिशवीच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांनी पिशवी आवळते, तिचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळ येते. तीच रसायनं आतड्यांनाही डिवचतात, म्हणून जुलाब. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, म्हणून ती कळ सुरू होताच किंवा तिच्या जरा आधी, पोटात काहीतरी असताना आणि नंतर सांगितलेल्या अंतराने घ्यायची. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वेदनाशामकांनी उठणारा दमा असेल तर मात्र स्वतःच्या मनाने नाही. शेकण्याचा उपयोग होतो, आणि तो निव्वळ मनाचा खेळ नाही, हेही तिने सांगितलं. ते ऐकून बरं वाटलं, कारण गरम पाण्याच्या पिशवीवरून मी भरपूर थट्टा ऐकली आहे.

आता तुम्ही.

---

माझं नेमकं उलटं. गोळी वेळेत घेऊनही काही होत नव्हतं. दुखणं पाळीच्या कितीतरी आधी सुरू व्हायचं आणि पाळी संपली तरी रेंगाळायचं. पाळीत शौचाला बसायची भीती वाटायची, आत सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. हे कुणाला सांगणार? डॉक्टरांनाही सांगत नव्हते. मला वाटायचं पाळीचं दुखणं वेगळं आणि हे बद्धकोष्ठ वेगळं. त्यासाठी पोटाच्या डॉक्टरांकडे वेगळे खेटे घालत होते.

सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर बाईने पुढे काय बोलायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. ताण घेऊ नका, व्यायाम करा, मूल होऊ द्या म्हणजे आपोआप थांबेल. हे शेवटचं तर जो तो सांगायचा.

पुढे ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून प्रश्न विचारायला घेतले. शौचाच्या वेळी दुखतं का? लघवीला जाताना? संबंधांच्या वेळी? पाळी नसतानाही कधी? प्रत्येकाला माझं हो. मग विचारलं, "या दिवसांत तुम्ही काय काय करायचं सोडून दिलंय?" मी सांगत गेले. लांबचा प्रवास, सलग मीटिंगा, धाकट्या भाचीला कडेवर घेणं. सांगता सांगता रडूच आलं, कारण ही यादी मी स्वतःशीही कधी केली नव्हती.

निदान एंडोमेट्रिओसिस. पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यांपाशी, मूत्राशयाजवळ रुजतात आणि तिथे सूज येत राहते, काही काळाने आतले अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर ती सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे पातळ ठिपके बहुतेकदा दिसतच नाहीत. म्हणजे नॉर्मल सोनोग्राफीने हा आजार नाही असं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो आणि तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात. पूर्वी लॅपरोस्कोपी करून, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने, आत पाहिल्याशिवाय पक्कं म्हणत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनंतर ते बदललं, आता लक्षणं आणि तपासण्यांवरून उपचार सुरू करता येतात.

मला डायनोजेस्ट ही प्रोजेस्टोजेन या हार्मोनची गोळी रोज. पहिले काही महिने मधूनच डाग पडत राहिले, चिडचिड झाली, सोडून द्यावीशी वाटली. मग पाळी थांबली आणि दुखणं निम्म्यावर आलं. नंतर ऑपरेशनही झालं. पूर्ण बरी झाले असं लिहिणार नाही. हा आजार आटोक्यात ठेवावा लागतो. आणि मूल होणं हा त्यावरचा उपचार नाही, हे माझ्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या सासूबाईंना समोरासमोर बसवून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

---

ताई, तुमचं वाचून काटा आला. एक विचारू? माझं लग्न झालेलं नाही. मलाही पाळीत असंच दुखतं, पण आतून तपासतील या भीतीने गेलेच नाही.

---

जा. आतून तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही, नको म्हणता येतं आणि नको म्हटल्यावर उपचार थांबत नाहीत. पोटावरून सोनोग्राफी होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. आत गेल्या गेल्याच सांगून टाकायचं की मला आतून तपासणी नकोय. मी तसंच केलं होतं. डॉक्टर "बरं" म्हणाल्या आणि पुढचं बोलू लागल्या. मी तोवर भांडायची तयारी करून बसले होते.

---

मला दुखणं कमी, जाणं फार. चाळिशीनंतर वाढलं. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, आणि सगळे म्हणायचे वय झालं.

डॉक्टरांना "फार जातं" म्हटलं की त्या विचारायच्या, किती? पुस्तकात एका पाळीला ८० मिलिलिटरहून जास्त म्हणजे अतिस्राव असं आहे, पण मोजतं कोण? त्यापेक्षा सलग काही तास दर तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर जातं का, हे सांगता येतं. पुढच्या वेळी मी हे लिहून नेलं. हिमोग्लोबिन काठावर होतं म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नव्हतं. फेरिटिन तपासलं तर शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला.

ॲडेनोमायोसिस निघालं, म्हणजे अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूतच शिरलेल्या. एका ठिकाणी सांगितलं, पिशवी काढून टाकू, आता तिचं काम काय? ते ज्या सहजपणे सांगितलं त्याचाच मला राग आला आणि मी दुसरीकडे गेले. तिथे बाकीचे पर्याय समजले. पाळीच्या दिवसांपुरतं रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, किंवा पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन. दिसायला कॉपर-टीसारखं, पण त्यात कॉपर नसतं. मी ते बसवलं. सुरुवातीला डाग पडत राहतात, ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. आता जेमतेम जातं. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या असतात, तरच साठा भरतो.

पिशवी काढणं वाईट असं माझं म्हणणं नाही. माझ्या जावेने काढली आणि ती सुखात आहे. पण तिला आधी सगळे पर्याय सांगितले होते.

---

मी बाप आहे, इथे लिहावं का असं वाटत होतं. पण लिहितो.

लेकीला पहिल्या पाळीपासूनच फार जायचं. वयात येताना होतं असं, म्हणून सगळे थांबलो. सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते हे खरंही आहे. पण ती वर्गात उठायलाही घाबरू लागली. मग दाढ काढल्यावर रक्त थांबेना, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनीच विचारलं, हिचा घोळाणा फुटतो का? अंगावर काळे-निळे डाग उठतात का? पाळी कशी असते? आईकडच्या कुणाला असं होतं का? आईलाच होतं, पण तिने ते कधी आजार मानलंच नव्हतं.

रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. फॉन विलेब्रांड नावाचा आजार निघाला, रक्त गोठवायला मदत करणारं एक प्रथिन कमी असतं. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येऊ शकतात, त्याची वेगळी तपासणी करावी लागते. आणि महत्त्वाचं, धाग्यात सुरुवातीला ज्या वेदनाशामक गोळ्या सांगितल्यात त्या तिला चालत नाहीत, रक्तस्राव वाढतो. म्हणून ज्यांना लहानपणापासून फार जातं त्यांनी आधी विचारून घ्या.

आईचीही तपासणी झाली. तिलाही तेच आहे.

---

माझं दुखणं पोटात नाही, डोक्यात. पाळीच्या आधीचा आठवडा मी माझी राहत नाही. रडू, संताप, नोकरी सोडावी, घर सोडावं, कधी तर जगूच नये असे विचार. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत आभाळ निवळतं आणि आपण एवढं काय बोललो याची लाज वाटते.

घरचे म्हणायचे, बायकांचं असंच असतं. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ते नैराश्य समजून. त्यांनी सलग दोन पाळ्यांच्या काळात रोजच्या रोज नोंद ठेवायला सांगितली. झोप, राग, रडू, विचार, सगळं. आठवून लिहायचं नाही, त्या त्या दिवशी लिहायचं. वही बघितल्यावर वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही. पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी दर वेळी मन इतकं बिघडवणारा आजार. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. मला एसएसआरआय गटातली, नैराश्यावर देतात ती, गोळी दिली. काहींना ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही चालते, मला चालली. जगूच नये असे विचार येत असतील तर मात्र वही भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

---

थोडक्यात लिहिते. पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबत जाणारा अंडाशयाचा त्रास. पाळी महिनोन्‌महिने यायचीच नाही आणि दुखतही नव्हतं, त्यामुळे मी खूश! "वजन कमी करा" यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही. पाळी येत नाही तेव्हा अस्तर आत वाढत राहतं, म्हणून तीन-तीन महिने तसंच सोडायचं नाही, ती आणायला गोळ्या द्याव्या लागतात आणि रक्तातली साखरही तपासत राहायची, हे फार उशिरा कळलं.

---

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोनच गोष्टी.

पाळीच्या दुखण्यावर गर्भनिरोधक गोळ्या चांगल्या उपयोगी पडतात आणि त्या देताना आम्ही अर्धशिशीबद्दल विचारतो. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या नागमोडी रेघा दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. आम्ही विचारायला विसरलो तर तुम्ही सांगा. धूम्रपान करत असाल, पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, तर तेही.

दुसरं, गरोदर असण्याची शक्यता असताना अचानक एका बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली, किंवा दुखण्याबरोबर ताप आणि दुर्गंधी स्राव असेल तर नोंदवही वगैरे काही नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

---

पाळी गेलेल्यांनी इथे लिहिलं तर चालेल ना? माझी पाळी थांबून वर्ष होऊन गेलं होतं आणि एक दिवस थोडासा डाग दिसला. दुखणं नाही, काही नाही. मैत्रिणी म्हणाल्या, जाता जाता एखादी येते. मुलीने ऐकलं नाही, घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, पाळी थांबून बारा महिने झाल्यावर थेंबभर जरी दिसलं तरी तपासायचंच, बहुतेकदा काही गंभीर नसतं पण कर्करोग नाही ना ते बघावं लागतं. अस्तराची जाडी मोजली, तुकडा काढून तपासायला दिला. पॉलिप, म्हणजे अस्तरावर आलेला छोटा कोंब होता, काढला. साधा निघाला.