नैरोबीला एक रात्र पुरेशी नाही

केनियातील मसाई मारा अभयारण्याला जाताना राजधानी नैरोबीत एक रात्र काढली की पुरे, या मताशी मी सहमत नाही. शहराच्या मध्यभागापासून जेमतेम 7 किलोमीटरवर, 1946 साली स्थापन झालेले, सुमारे 117 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सिंह, जिराफ आणि विशेषतः काळे गेंडे आहेत, हत्ती मात्र नाहीत. पहाटे दार उघडताच आत शिरावे. ओल्या झुडपाचा पाला टोकदार वरच्या ओठाने ओरबाडून खाणारा गेंडा आणि त्याच्या पाठीमागे क्षितिजावर उभ्या असलेल्या उंच इमारती, असे दृश्य अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल. याच उद्यानात 1989 साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी 12 टन हस्तिदंत जाळले होते. ती जागाही आवर्जून पाहावी. राष्ट्रीय संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण तुर्काना सरोवराजवळ 1984 साली सापडलेला, सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानव मुलाचा बराचसा पूर्ण सांगाडा हा तेथील अनमोल ठेवा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंच असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी स्वेटर लागतोच.