प्रति: ओपनएलडॅप २.४ वरून २.५ – फोल्डर कॉपी करून भागत नाही

ओपनएलडॅप (युजर, पासवर्ड वगैरे माहिती एका जागी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) २.४ वरून २.५ वर नेण्याबद्दल आधीच्या एका पोस्टमध्ये सुचवलंय की जुन्या मशीनवरचं डेटाबेसचं फोल्डर नव्यावर टाकलं की झालं. जुना बॅकएंड (डेटा डिस्कवर साठवणारा भाग) एचडीबी किंवा बीडीबी असेल तर हे मुळीच चालणार नाही, कारण २.५ मधून ते दोन्ही काढूनच टाकलेत, उरला एमडीबी. डेबियन लिनक्स ११ वरून १२ वर जाताना नेमकी हीच उडी पडते. म्हणून अपग्रेडच्या आधी, जुनी आवृत्ती जिवंत असतानाच स्लॅपकॅटने (डेटा बाहेर काढणारी कमांड) दोन एलडिफ (साध्या मजकुराच्या फाइली) काढून ठेवा: ० नंबरचा कॉन्फिगचा, १ नंबरचा डेटाचा. नव्या आवृत्तीत ते स्लॅपअॅडने (एलडिफ परत भरणारी कमांड) भरायचे.

खरी मेहनत कॉन्फिगच्या एलडिफमध्ये आहे. मोड्यूलचं नाव, डेटाबेसचं नाव आणि ऑब्जेक्टक्लास (नोंदीचा प्रकार), तिन्हीकडे एचडीबीचं एमडीबी करा. कॅशे साइजच्या आणि डीबीकॉन्फिगच्या ओळी उडवा, एमडीबीला त्या कळत नाहीत. पीपॉलिसीचा (पासवर्डच्या नियमांचा) स्कीमा (फील्डच्या व्याख्या) वेगळा लोड केलेला असेल तर तोही काढा, २.५ मध्ये तो पीपॉलिसीच्या ओव्हरलेच्या (जोड-मोड्यूलच्या) आतच आहे, ठेवलात तर दुहेरी व्याख्येची एरर येते. आणि मॅक्ससाइज (डेटाबेसची कमाल साइज) स्वतः लिहा! न लिहिल्यास फक्त १० एमबी धरली जाते आणि स्लॅपअॅड अर्ध्यात ‘मॅप फुल’ म्हणून थांबतं. १ जीबी बिनधास्त द्या, डिस्कवर तेवढी जागा लगेच अडत नाही.

स्लॅपअॅड रूटने चालवलं असेल तर कॉन्फिग आणि डेटा या दोन्ही फोल्डरांची मालकी ओपनएलडॅप युजरकडे (सर्व्हिस ज्याच्या नावाने चालते त्याच्याकडे) द्यायला विसरू नका. सर्व्हिस उठत नसेल तर आधी तेच बघा.