मामंजींना नैराश्याची गोळी सुरू झालीय, चालू ठेवू की बंद करू?

सातारची_सून: मामंजी एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर, वय ६७. दिवाळीपासून पार बदललेत. पहाटे तीनलाच जाग, मग आढ्याकडे बघत पडून राहतात. पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत. जेवण उतरलं, पँट ढिली झाली. "माझा आता काय उपयोग" एवढंच पालुपद. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर बघितली, सगळं ठीक. मग सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. त्यांनी मामंजींशी आणि माझ्याशी वेगवेगळं बोलून एक कागद भरला आणि एस्सिटॅलोप्राम ५ लिहून दिली, आठवड्याने १०. ना स्कॅन, ना काही. दुसरा आठवडा चालू आहे. मळमळ होते, गुण शून्य. नणंद म्हणते सवय लागेल, बंद करा.

खडू_फळा: ताई, बंद करू नका. मी शिक्षिका, हीच गोळी दुसऱ्यांदा घेतेय.

स्कॅनमध्ये नैराश्य दिसत नाही. रक्त तपासतात ते थायरॉइड मंदावला किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच मरगळतो म्हणून. तो कागद बहुतेक पीएचक्यू-९ असणार: मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० किंवा वर गेलं की डॉक्टर खोलात शिरतात. पण नुसत्या बेरजेवर निदान करत नाहीत, म्हणून तर तुम्हालाही विचारलं.

या गोळीचा त्रास आधी आणि फायदा नंतर. मळमळ सहसा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते, गोळी जेवणावर द्या. गुण यायला चार ते सहा आठवडे धरा. माझी आधी झोप सुधारली. मन ताळ्यावर आल्याचं माझ्याआधी नवऱ्याला कळलं, कारण मी भाजीवाल्याशी परत घासाघीस करायला लागले!

बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यावी लागते, आजार उलटला तर आणखी लांबते. तल्लफ येत नाही. पण एकदम सोडली तर गरगरतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. नणंदबाई म्हणतात ती सवय क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांची.

रोखठोक: सगळं रिकामपणाचं दुखणं. पहाटे उठवून चार किलोमीटर चालवा, गोळ्या फेका.

खडू_फळा: चालणं चांगलंच हो दादा. पण ज्याला उठून चूळ भरायची ताकद नाही त्याला चार किलोमीटर? माझ्या समुपदेशक बाईंनी आधी आंघोळ आणि कुंड्यांना पाणी, इतकंच दिलं होतं. तेही इच्छा होईल तेव्हा नाही, घड्याळ बघून. चालणं पुढे आलं.

काउंटरमागून: मी फार्मासिस्ट. बीपीची गोळी आहे का? नावापुढे एच असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध असतं. या वयात ते आणि एस्सिटॅलोप्राम मिळून सोडियम उतरू शकतं. सुस्ती, बरळणं, तोल जाणं दिसलं तर लगेच दाखवा. अंगदुखीला परस्पर डायक्लोफिनॅक नको, या गोळीबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि "काय उपयोग" म्हणतात ना, मग मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा. रात्री-अपरात्री टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सातारची_सून: बीपीची गोळी एचचीच निघाली. मामंजींना विचारलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "येतात अधूनमधून." लगेच डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी पहिला नंबर दिलाय, सोडियमचा रिपोर्ट घेऊन या म्हणालेत. आज रात्री हे त्यांच्याच खोलीत झोपणार आहेत. पाकिटं माझ्या कपाटात. नणंदेला हे सगळं वाचायला पाठवलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.