किनारा टप्प्याटप्प्याने चालणं म्हणजे अर्धवट चालणं का?

द्राक्षबागवाला, दिंडोरी

गेल्या रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याशी चहा घेताना आमच्या चालणाऱ्या गटात वाद झाला. तिथे तो अर्धाच राहिला, म्हणून इथे मांडतो.

मी आणि माझा चुलतभाऊ रेवसपासून दक्षिणेकडे समुद्राच्या कडेने चालतोय. पाच टप्पे झाले, दाभोळच्या धक्क्यापर्यंत आलो. गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलच्या खाडीपर्यंत जायचं आहे. गटातले एक जण म्हणाले, "तुकड्यातुकड्यात चालण्याला किनारा चालणं म्हणत नाहीत. त्या सहली झाल्या."

मला हे लागलं. ऑक्टोबरात छाटणी झाली की पुढचे पन्नास दिवस डावणी रोगाच्या धास्तीने बागेतून पाय निघत नाही. फेब्रुवारी-मार्च काढणी, एप्रिलात खरड छाटणी. किनाऱ्यावर चालायचा हंगाम नेमका नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मला मोकळे मिळतात ते विरळणी उरकल्यावर डिसेंबरअखेरचे चार दिवस आणि माल गेल्यावर मार्चअखेरचे चार. महिनाभर सलग चालणं या जन्मात जमायचं नाही. मग समुद्राकडे जायचंच नाही का?

आमचा नियम एकच: जिथे थांबलो तिथूनच पुढे. तिसरा टप्पा केळशीला वाळूच्या टेकडीखाली एका सुरूच्या झाडाशी संपवला होता. बुंध्याला निळ्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला होता. तीन महिन्यांनी परत गेलो, रिक्षावाला आंजर्ल्याला सोडतो म्हणत होता, आम्ही केळशीच धरली. जाळं तिथेच होतं, उन्हाने फिकं पडलेलं. त्याला हात लावून निघालो. याला सहल म्हणायचं असेल तर म्हणा.

गंगापूर रोडकर

ते म्हणणारा मीच. चारचौघांत बोललो त्याचं वाईट वाटतं, पण मत तेच आहे.

भाऊ, मी मुरुड-जंजिऱ्यापासून मालवणपर्यंत १९ दिवस सलग चाललो. पहिले तीन दिवस शरीर नुसतं कुरकुरतं. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, त्याच बाजूला उतरती. उजवा पाय कायम खाली, डावा वर. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड, तिसऱ्या दिवशी डावा गुडघा बोलायला लागला. चौथ्या दिवशी पावलं आपोआप ओली घट्ट वाळू शोधायला लागली. तुम्ही नेमके त्याच दिवशी परतीच्या एसटीत बसता. दरवेळी पहिले तीन दिवसच तुमच्या वाट्याला येतात, चौथा कधी येतच नाही.

दुसरं, भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सलग चालणाऱ्याचा दिवसही तिच्यामागे सरकतो. आज पहाटे निघालात तर आठवड्याने दुपारी निघावं लागतं, मधले तास झाडाखाली बसून काढावे लागतात. दुसऱ्या आठवड्यात मला घड्याळ न बघता कळायला लागलं की पाणी आता फिरणार. पंचांग बघून हे येत नाही.

द्राक्षबागवाला, दिंडोरी

भरतीचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण माझ्या मते तोच टप्प्यांचा सगळ्यात मोठा फायदा आहे. हर्णैच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, आम्हाला शिकवलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती आणि ओहोटी भर बाराच्या उन्हात. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. शिवाय उधाण असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं असतं. उजाडताना समोर रुंद, कडक, सपाट पुळण. तो उतारही जाणवत नाही, गुडघा वाचतो.

आम्ही चार दिवस तिथी बघून धरतो. सलग चालणाऱ्याला अष्टमीही त्याच किनाऱ्यावर काढावी लागते.

सिडकोतली निवृत्त शिक्षिका

दादा, तुमची अडचण खरी आहे, पण मी गंगापूर रोडकरांच्या बाजूने. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी बायका दोन-तीन मुक्काम चालून घरी येतात. कोणी त्यांना कमी लेखत नाही. पण त्याही "वारी केली" म्हणत नाहीत, "दोन मुक्काम चालले" म्हणतात. नर्मदेची खंड परिक्रमाही लोक करतात आणि तिला खंडच म्हणतात. घर सोडून राहण्यात जे आहे ते पायांपेक्षा मनाचं आहे. तिसऱ्या दिवशी बागेत परत जायचंय हे ठाऊक असेल तर मन बागेतच राहतं. मी वीस वर्षं ब्रह्मगिरीची फेरी केली, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी. एका रात्रीची वाट, पण ती मी कधी मधूनच सोडून पुढच्या वर्षी तिथून धरली नाही. तसं सुचलंही नाही.

ओझरकर

ताई, फेरी एका रात्रीची आहे म्हणूनच सुचलं नसेल. इंग्लंडमधला नैऋत्य किनारी मार्ग माइनहेडपासून पूल (Poole) नावाच्या गावाच्या बंदरापर्यंत ६३० मैलांचा, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. मूळ वाट चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या गस्तवाल्यांची. माझा मुलगा ब्रिस्टलला असतो, तो सुट्ट्यांमध्ये तुकड्यांनी चालतो. तिथे अनेक जण असंच चालतात. पण तिथे फाट्याफाट्यावर ओकच्या फळाची खूण असलेले खांब आहेत. ज्या खांबाशी थांबलात त्याच खांबाशी परत उभं राहता येतं. आपल्याकडे खूण नाही, आखलेली वाटच नाही. निळ्या जाळ्याच्या भरवशावर किती टप्पे जोडणार?

आणि हिशेबही मांडा. शाळेत शिकलेला आपला किनारा ७२० किलोमीटर. रोज वीस धरले तर ३६ दिवस. तीन-तीन दिवसांचे टप्पे केले तर बारा, आणि प्रत्येकाला नाशिकहून जाण्यायेण्यात दोन दिवस. चालणं ३६ दिवस, प्रवास २४. बोर्डी जवळ आहे, जव्हारवरून जाता येतं. रत्नागिरीला नाशिक रोडहून थेट मंगला एक्स्प्रेस आहे. पण वेंगुर्ल्यापुढचा टप्पा आला की कळेल.

माहेर हर्णै, सासर नाशिक

तुम्ही सगळे दिवस आणि किलोमीटर मोजताय. मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

ओझरकर, आमच्याकडे खूण नाही असं म्हणू नका. प्रत्येक खाडी ही खूणच आहे. वेसवीचा धक्का, दाभोळचा, तवसाळचा. टप्पा खाडीवर संपवा आणि पलीकडे उतरून पुढचा सुरू करा. झाड पावसात पडेल, खाडी कुठे जात नाही.

मात्र टप्प्यांनी चालणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. सहा-सात वर्षांत किनारा तसाच राहत नाही. मी लहान असताना हर्णैहून आंजर्ल्याला जायला होडीत बसावं लागायचं, आता पूल आहे. सागरी महामार्गासाठी बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की फेरीबोटी राहतील की नाही? दादा, तुमचा पहिला टप्पा आणि शेवटचा टप्पा दोन वेगळ्या कोकणांतले असतील. सलग चालणाऱ्याला एकच कोकण दिसतं.

तरीही मी टप्प्यांच्या बाजूने आहे. सलग चालणारे आमच्या दारावरून पुढे जातात, पाणी मागतात, फोटो काढतात, परत दिसत नाहीत. थांबून-थांबून चालणारा एकाच गावात दोनदा येतो, टप्पा संपवताना आणि सुरू करताना. दुसऱ्यांदा आला की आई त्याला ओळखते. आदल्या वेळी ओट्यावर विसरलेली टोपी तिने खुंटीला टांगून ठेवलेली असते.

आणि कृपा करून, तिथीच्या हिशेबावर खडपावरून, म्हणजे समुद्रालगतच्या खडकांवरून, टोकं वळायला जाऊ नका. पुळणीवर चूक झाली तर पाय भिजतात. खडपावर पाणी चढलं तर मागेही वाट नसते आणि वर चढायलाही नसते. हेदवीची बामणघळ भरतीला एकदा बघा, मग कळेल पाणी खडकात काय करतं. तिथे गावातल्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, वर चढून पलीकडे उतरा. दोन किलोमीटर जास्त पडले तर पडू द्या.

गंगापूर रोडकर

ताईंचं टोपीचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. १९ दिवसांत मी कितीतरी घरांतलं पाणी प्यालो, त्यातलं एकही घर मला पुन्हा सापडणार नाही. हे नुकसान आहे, मान्य.

सहल हा शब्द मागे घेतो. पण चौथ्या दिवसाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

द्राक्षबागवाला, दिंडोरी

चौथ्या दिवसाचं उत्तर माझ्याकडे नाही. तो मला मिळत नाही हे खरं, आणि त्याची हळहळही आहे. शिक्षिकाताईंचंही खरं, दुसऱ्या रात्री मी घरी फोन करून बागेत भुरी रोग दिसतोय का विचारतोच. पण केळशीहून घरी आल्यावर तीन महिने मी रोज फवारणी करताना तो किनारा पुढे चालत होतो. केळशीनंतर उटंबर, मग आडे, पाडले, आंजर्ले. नावं पाठ झाली होती. त्या दिवसांना काय म्हणायचं, चालण्यात धरायचे की नाही, ते तुम्ही सांगा.

हर्णैच्या ताई, पौर्णिमा धरून दाभोळहून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरणार आहोत, पुढे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. पहाटेची ओहोटी साधायची तर आदल्या संध्याकाळीच पलीकडे जाऊन झोपावं लागेल. धोपाव्याला कोणाच्या ओट्यावर रात्र काढता येईल का?

माहेर हर्णै, सासर नाशिक

मावशी राहते तिथे. आज रात्री तिला विचारून सांगते. आंथरूण घेऊन या, डिसेंबरात खाडीवरचा वारा बोचतो.