फर्ग्युसनच्या आधीचं डेक्कन

पुण्याच्या कॉलेजांची चर्चा निघाली की फर्ग्युसन कॉलेजातल्या नामवंतांची यादी पुढे येते. तीत टिळक-आगरकर येतात ते ठीकच, पण ते तिथले संस्थापक. शिकले ते डेक्कन कॉलेजात, आणि त्याचं नाव या चर्चेत सहसा कुणी काढत नाही!

पेशवाई बुडाल्यावर पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेचा काही पैसा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने विद्येकडे वळवला आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच 1851 मध्ये पूना कॉलेज झालं, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज. येरवड्याची दगडी इमारत 1868 ची, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभी राहिलेली.

टिळक आणि आगरकरांची गट्टी तिथल्या वसतिगृहात जमली, स्वतःची शाळा काढायचे बेतही तिथेच शिजले. टिळकांची खोली आजही जपलेली आहे. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर, इतिहासाचार्य राजवाडे, सेनापती बापट हेही तिथलेच. एवढी नावं असूनही सरकारने 1934 मध्ये कॉलेजला टाळं ठोकलं! माजी विद्यार्थी इरेला पेटले, भांडले, आणि 1939 मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. मग पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आले. माझ्या मते कॉलेजचा खरा बहराचा काळ हाच, फक्त पुण्याच्या गप्पांत टिळकांपुढे गाडी सहसा सरकत नाही.