६०च्या पुढे गाडी सूर लावते: टायर, बेअरिंग की गिअरबॉक्स?

तिसरी घंटा
मंडळी, तीन आठवडे झाले, गाडीने सूर लावलाय. ५०पर्यंत चिडीचूप. ६०ला ‘ऊंऽऽ’ सुरू होतं आणि ८०ला इतकं चढतं की मागे बसलेली आई विचारते, “वरून विमान चाललंय का गं?” काच खाली केली की वाऱ्यात हरवतं, वर केली की पुन्हा कानाशी.

गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, ९२ हजार किलोमीटर झालेले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून आणलं, ढिम्म फरक नाही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, गिअरबॉक्स उघडावा लागेल. तेव्हापासून पोटात गोळा आहे. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, जरासुद्धा ढिलं नाही. आवाज पुढून डावीकडून येतो, अगदी शंभर टक्के. उघडू देऊ का?

रबरी
टायर बघा आधी. तळवा टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर आवाज तिथलाच. अलाइनमेंट आता केलीत, पण आधीच वेडंवाकडं झिजलेलं रबर त्याने सरळ होत नाही.

जुना जॅक
ताई, थांबा. गिअरबॉक्स उघडायला आत्ता हो म्हणू नका.

आवाज कशाच्या मागे धावतो ते आधी बघायचं: इंजिनाच्या की चाकांच्या. रिकाम्या सरळ रस्त्यावर ८०ला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी नुसती वाहू द्या. चावी मात्र फिरवायची नाही; इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. इंजिन मंदावल्यावर आवाजही लगेच खाली आला तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), पट्टा, पुली या बाजूला शोधा. गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर चाकं, टायर किंवा गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग. गिअरबॉक्स रडत असेल तर बहुतेकदा ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, आणि पुष्कळदा ठरावीक गिअरलाच.

मग एक लांब वळण गाठा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर.

चाक ढिलं नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं अजिबात नाही. आतला गुळगुळीत मार्ग खरबरीत झाला की आवाज सुरू होतो, ढिलेपणा कितीतरी नंतर येतो. चाक पुन्हा उचला, पण या वेळी खाली स्टँड लावून. नुसत्या जॅकवर विसंबू नका. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडसर. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायची. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांत येते. दोन्ही बाजू करून बघा, फरक लगेच कळतो. कानांवर फार भरवसा ठेवू नका, पत्र्यातून आवाज कुठल्या कुठे जातो.

तिसरी घंटा
रबरीदादा, पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. सूर तोच, जागा तीच. डांबरी रस्ता, काँक्रीट, दोन्हीवर सारखाच.

जॅककाका, न्यूट्रलमध्ये आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबर उतरला. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला, काही फरक नाही. वळण सापडलं. डावीकडे वळताना विमान अगदी डोक्यावर आलं, उजवीकडे वळताना गप्प. स्प्रिंगवर बोटं ठेवली: डावी बाजू लोण्यासारखी, उजवीला बारीक वाळू. माझे शंभर टक्के चुकीच्या बाजूला होते!

जुना जॅक
उजवं पुढचं बेअरिंग. फार दिवस ढकलू नका, त्या अवस्थेत ते तापतं. तुमच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) बेअरिंग प्रेसने बसवायचं असेल तर हातोडी चालवू देऊ नका. नकलमध्ये (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या लोखंडी भागात) बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच हवा. आतल्या कड्यावर दाबलं की गोळ्यांना मार बसतो आणि नवं बेअरिंग चार दिवसांत गुणगुणतं. ॲक्सलचा नट नवा, आणि कंपनीच्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना).

तिसरी घंटा
बेअरिंग बदललं. आवाज साफ गेला, पण गॅरेजच्या बाहेर पडून थोडं पुढे जाते तोच एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा. परत आले. “सेन्सर गेला असेल” म्हणाले. कालपर्यंत ठणठणीत होता, आज नेमका त्याच चाकाचा कसा गेला?

जुना जॅक
सेन्सर नव्हे, बेअरिंग उलटं बसलंय, असं वाटतं. पुष्कळ बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते, तिचं तोंड सेन्सरकडे हवं. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्याच. कागदाची पिन जवळ न्या. जिथे हलकीशी ओढली जाते ती चुंबकी बाजू. आणि काढलेलं बेअरिंग परत वापरायला देऊ नका, काढतानाच ते बिघडतं.

तिसरी घंटा
उलटंच होतं. माझ्यासमोर पिन लावून बघितली, मेकॅनिक स्वतःच हसला. दुसरं नवं त्यांनी त्यांच्या खर्चाने घातलं. दिवा गेला. आज आईला ८०ने फिरवून आणलं, ती पूर्ण वाट झोपली.

नवशिक्या
माझ्या गाडीत उभ्या उभ्या स्टिअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. हेही बेअरिंगच का?

जुना जॅक
नाही, उभ्या गाडीत चाकाचं बेअरिंग कशाला गाईल? हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर टाकीतलं तेल बघा. पातळी खाली असेल किंवा फेस दिसला तर पंपात हवा शिरतेय. नुसतं भरून सोडू नका, गळती कुठे आहे ते शोधा. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर वेगळा धागा काढा, गाडीची माहिती देऊन.